पावसाळी पंख, कोरडे पंख

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण आरोग्यावर ऐकतो, आयकरावर ऐकतो, मुलांच्या करिअरवर तर ऐकतोच ऐकतो. यंदा सांस्कृतिक समितीच्या वहिनींनी मला गाठले आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही रुळांवर बोला." मी म्हटले, रुळांवर बोललो तर समोर फक्त आमच्या खात्याची माणसे उरतील आणि तीही डुलक्या काढतील. त्यापेक्षा रुळांच्या कडेला जे उडते त्यावर बोलतो. त्या हसल्या, पण हो म्हणाल्या.

पहिल्यांदाच सांगून टाकतो. मी शास्त्रज्ञ नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला, ज्युनियर इंजिनिअर म्हणून रेल्वेत लागलो आणि तेव्हापासून पी-वेत, म्हणजे रूळ, स्लीपर आणि खडी यांच्या सहवासात आहे. आमचे निम्मे आयुष्य चालण्यात आणि ट्रॉलीवर बसण्यात जाते. बैयप्पनहळ्ळीपासून कृष्णराजपुरम, हूडी, व्हाइटफील्डपर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना गवताचे पट्टे आहेत, पाण्याचे चर आहेत, मधूनमधून तळ्यांचे काठ आहेत. चालणाऱ्या माणसाचे डोळे रुळांवर हवेत हे खरे, पण दोन गाड्यांच्या मध्ये ते इकडेतिकडे जातातच.

आता विषय. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी याच मंडपात एक तपकिरी, मध्यम आकाराचे फुलपाखरू पाहिले असेल. संध्याकाळची आरती सुरू झाली की ते ट्यूबलाइटभोवती येते आणि पडद्याला चिकटून बसते. पुष्कळजण त्याला पतंग समजतात. तो पतंग नव्हे, त्याचे नाव कॉमन इव्हनिंग ब्राउन. दिवसा झाडोऱ्यात बसून राहणारे आणि दिवेलागणीला बाहेर पडणारे हे फुलपाखरू आहे. गणपतीच्या दिवसांत ते आले की त्याच्या मिटलेल्या पंखांकडे जवळून पाहा. पंखांच्या कडेला ओळीने डोळे दिसतील. काळा ठिपका, त्यात मध्ये पांढरा बिंदू, भोवती पिवळसर कडे. अगदी पाहणारे डोळे.

हेच फुलपाखरू जानेवारीत पाहा. डोळे गायब! त्या जागी फार तर सुईच्या टोकाएवढे ठिपके. पंखांचा रंग वाळक्या पानाचा, कधी फिकट, कधी गर्द, कधी त्यावर काळे डाग, जणू पानाला बुरशी लागली आहे. पंखांचे टोकसुद्धा जास्त बाहेर आलेले, पानाच्या शेंड्यासारखे. पाचोळ्यात बसले तर दोन फुटांवरून दिसत नाही.

(इथे पडद्यावर दोन्हींचे फोटो दाखवले होते. स्मरणिकेत रंगीत पाने परवडत नाहीत, असे खजिनदारांनी कळवले आहे. वाचकांनी कल्पनेवर भागवावे.)

आमच्या सेक्शनवर एक की-मॅन होते. हातोडा आणि पाना घेऊन रोज ठरलेला पट्टा चालायचा, सैल झालेल्या क्लिपा ठोकायच्या, हे त्यांचे काम. मूळचे कोलारकडचे. एकदा मी त्यांना ही दोन फुलपाखरे मोबाइलवर दाखवली आणि विचारले, ही दोन कोणती? त्यांनी क्षणभरही विचार न करता कन्नडमध्ये सांगितले, "इदु मळेगालद्दु, अदु बेसिगेदु." हे पावसाळ्यातले, ते उन्हाळ्यातले. विषय संपला.

हे उत्तर युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांना शे-सव्वाशे वर्षे सापडत नव्हते. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत पक्की केली. त्याच्याकडे जगभरातून टाचणी लावलेली फुलपाखरे यायची. त्यांत आशियातून आलेली दोन नारिंगी फुलपाखरे होती. एकाच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळे, दुसऱ्याची खालची बाजू सरळ वाळक्या पानासारखी आणि पंखांना टोके. त्याने एकाला 'अ‍ॅस्टेरी' आणि दुसऱ्याला 'अल्माना' अशी दोन वेगळी नावे दिली. आज आपल्याला ठाऊक आहे की ते एकच फुलपाखरू, आपले पीकॉक पॅन्सी. अ‍ॅस्टेरी हे त्याचे पावसाळी रूप, अल्माना हे कोरड्या हंगामातले. लिनियसला दोष देण्यात अर्थ नाही. मेलेल्या नमुन्याच्या टाचणीवर तो कोणत्या महिन्यात पकडला हे लिहिलेले नसायचे, आणि बारा महिने एकाच पट्ट्यावरून चालणारा की-मॅन त्याच्याकडे नव्हता. युरोपातल्याच एका फुलपाखराच्या वसंतातल्या आणि उन्हाळ्यातल्या रूपांनाही त्याने त्याच वर्षी 'लेव्हाना' आणि 'प्रोर्सा' अशी दोन नावे दिली. ते तर त्याच्या खंडातले होते!

हा गुंता आपल्या देशात ज्याने सोडवला तो माणूस मला फार आवडतो. त्याचे नाव लायोनेल द नाइसव्हिल. कलकत्त्यात सरकारी कचेरीत कारकून होता. फावल्या वेळात फुलपाखरे. त्याने कर्नल मार्शल यांच्याबरोबर हिंदुस्थानच्या फुलपाखरांवर मोठा ग्रंथ काढायला घेतला, त्याचा पहिला खंड १८८२ चा. आणि हे मार्शलसाहेब कोण, तर लष्करातले इंजिनिअर. म्हणजे एक कारकून आणि एक इंजिनिअर! द नाइसव्हिलने अंडी मिळवून घरी अळ्या वाढवल्या आणि १८८६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये दाखवून दिले की, या तपकिरी फुलपाखरांत डोळेवाले आणि बिनडोळ्यांचे अशा ज्या वेगळ्या जाती मानल्या जात होत्या, ती हंगामाची रूपे आहेत. एकाच कुळातली, एकाच आईची लेकरे.

आपल्याकडे मुंबई इलाख्यातही असेच हौशी लोक होते. तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होते. तिथले कलेक्टर डेव्हिडसन, वनखात्यातले बेल आणि मिठाच्या खात्यातले एटकेन, या तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर १८९६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेखमाला लिहिली. कोणती अळी कोणते पान खाते, कोष कसा दिसतो, हे सगळे त्यांनी अळ्या पाळून लिहिले. बेल तर निवृत्तीनंतर कारवारलाच राहिले आणि १९४८ साली वारले. एटकेन यांचा जन्म १८५१ चा, आमच्या साताऱ्यातला. साताऱ्याच्या मंडळींनी टाळ्या वाजवायला हरकत नाही.

आता इथे एक गैरसमज आहे. लोक विचारतात, म्हणजे फुलपाखरू पाऊस संपला की रंग बदलते का? सरड्यासारखे? नाही. कोषातून बाहेर पडलेले फुलपाखरू पंखांवरची एक रेघही बदलू शकत नाही. पंखांवर सूक्ष्म खवले असतात, बोटाला जी पूड लागते तेच ते. आपल्या नखांसारखे निर्जीव. जे ठरायचे ते त्याआधी ठरलेले असते, अळी पूर्ण वाढून कोष करण्याच्या सुमारास.

हे समजावून सांगायला मला माझ्याच खात्यातले उदाहरण सापडते. एक किलोमीटर रूळ तापमानाच्या एका अंशाला साडेअकरा मिलिमीटर वाढतो. जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत रुळाच्या तापमानात सहज चाळीस अंशांचा फरक पडतो. म्हणजे मोकळा ठेवला तर एक किलोमीटर रूळ जवळजवळ ४६ सेंटिमीटर लांब होईल. पूर्वी म्हणून जोडांत फट ठेवत आणि गाडी खडाड-खट वाजे. आता लांबच लांब जोडलेले रूळ असतात, त्यांना वाढायला जागाच नाही. म्हणून ते क्लिपांनी स्लीपरला आवळताना रुळाचे तापमान किती होते याला फार महत्त्व असते. ते आम्ही नोंदवून ठेवतो. त्या एका घडीच्या तापमानावर तो रूळ पुढे उन्हाळ्यात किती दाबाखाली आणि हिवाळ्यात किती ताणाखाली राहणार हे ठरते. फुलपाखराचेही तसेच. अळी कोष करते त्या सुमाराचे तापमान पंखांत नोंदले जाते आणि ते घेऊन त्याला पुढचे आयुष्य काढायचे असते. फरक एवढाच की रूळ आम्ही पुन्हा सोडवून, ताण काढून नव्याने आवळू शकतो. फुलपाखराला ती सोय नाही.

तापमानाची ही भूमिका जुन्या प्रयोगांतही दिसली होती. जर्मनीच्या वाइसमन यांनी 'लेव्हाना'चे कोष थंडीत ठेवून उन्हाळ्यात निघायच्या पिढीतून वसंताचे रूप काढून दाखवले आणि १८७५ साली त्यावर लिहिले. पण सगळ्यांत बारकाईने अभ्यास झाला तो आफ्रिकेतल्या एका लहानशा तपकिरी फुलपाखराचा. आपल्या गवतात दिसणाऱ्या कॉमन बुशब्राउनचे ते चुलत भावंड. पॉल ब्रेकफील्ड यांनी मलावी देशात आणि नंतर हॉलंडमधल्या लायडनच्या प्रयोगशाळेत त्याच्यावर वर्षानुवर्षे काम केले. अळ्या २७ अंशांना वाढवल्या तर मोठ्या डोळ्यांची फुलपाखरे निघतात. २० अंशांच्या खाली वाढवल्या तर डोळे जवळजवळ नाहीसे. आई-बाप तेच, अंडी त्याच घोसातली.

आत काय घडते? कोषात एक संप्रेरक स्रवते, अळीचे फुलपाखरू करणारे तेच. उबेत ते लवकर वाढते, थंडीत उशिरा. पंखावर डोळ्याची जागा आधीच आखलेली असते. संप्रेरक वेळेवर पोचले तर त्या जागेभोवती रंगाची कडी पसरतात, उशीर झाला तर ठिपका ठिपकाच राहतो. थंडीत वाढवलेल्या कोषांना हे संप्रेरक बाहेरून टोचले तर डोळे मोठे होतात, हेही करून पाहिलेले आहे. मला यात सगळ्यांत गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पंख मिटल्यावर जे डोळे बाहेरून दिसतात, तेच हंगामाप्रमाणे लहान-मोठे होतात. जे आत झाकले जातात ते फारसे बदलत नाहीत. जिथे कोणी पाहतच नाही तिथे खर्च कशाला? आमच्या खात्यात इन्स्पेक्शनच्या आधी रंगरंगोटी कोणत्या बाजूला होते हे जाणकारांना सांगायला नको.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी? पक्षी, सरडे, प्रार्थनाकीटक यांच्यासाठी. पावसाळ्यात सगळे हिरवे असते. हिरव्यावर तपकिरी फुलपाखरू लपून लपणार किती? शिवाय त्याला घाई असते. गवत कोवळे आहे तोवर जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, दोन-चार आठवड्यांचे आयुष्य. फिरावे तर लागणारच. मग मारा चुकवायचा उपाय म्हणजे पंखाच्या कडेला खोटे डोळे. शत्रू डोळ्यावर झडप घालतो, कडेचा तुकडा त्याच्या हाती लागतो आणि फुलपाखरू निसटते. चर्चगेटच्या लोकलमध्ये पुढच्या खिशात रिकामे पाकीट ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, तसेच हे. कडेचा त्रिकोणी तुकडा गेलेली फुलपाखरे तुम्हीही पाहिली असतील. २०१५ साली अमेरिकेत आणि सिंगापुरात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी प्रार्थनाकीटकांसमोर ही दोन्ही रूपे सोडून पाहिली. मोठ्या डोळ्यांवर हल्ला वळला, ती फुलपाखरे जास्त जगली आणि त्यांनी अंडीही जास्त घातली.

पीकॉक पॅन्सीच्या वरच्या बाजूचे मोठे डोळे मात्र वेगळे काम करतात. ते बिचकवतात. तिरुवनंतपुरमच्या आयसर संस्थेत काम करणारे उल्लास कोदंडरामय्या यांनी स्वीडनमधल्या सहकाऱ्यांबरोबर २००९ साली पक्ष्यांवर प्रयोग करून हे दाखवले.

कोरड्या हंगामात हिशेब उलटतो. सगळीकडे पाचोळा. त्यात डोळे मिरवणे म्हणजे अंधारात टॉर्च लावून लपायला बसणे. तेव्हा पान व्हावे आणि गप्प राहावे. अळ्यांना कोवळे गवत नाही म्हणून अंडी घालायचीही घाई नाही. अशी फुलपाखरे काही महिने जगतात, पावसाची वाट पाहत. इव्हनिंग ब्राउनच्या कोरड्या रूपात तर एकासारखे दुसरे मिळत नाही. एकाच नमुन्याची सगळी असती तर पक्ष्याच्या डोळ्यांत ते पान बसले असते. प्रत्येक पान वेगळे असेल तर शोधणाराची पंचाईत होते.

एक गोष्ट खास वहिनी मंडळींसाठी. त्या आफ्रिकन फुलपाखरात उबदार पावसाळ्यात नर मादीच्या मागे लागतात, पण थंडीत वाढलेल्या पिढीत मादी नराच्या मागे लागते. कारण मिलनात नराकडून तिला जो पोषणाचा साठा मिळतो त्याने तिचे आयुष्य वाढते. हे २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले आहे, माझे मत नव्हे.

मग बेंगळूरूचे काय? आपल्यातले बरेचजण पुण्या-सोलापूरकडून आले. तिकडचा पाऊस जूनमध्ये येतो आणि दसऱ्याला निरोप घेतो. इथला पाऊस हप्त्यांनी येतो. एप्रिल-मेमध्ये वळीव, मग जून ते ऑगस्ट रिपरिप, सप्टेंबर-ऑक्टोबरात खरा जोर, आणि नोव्हेंबरात परतीचा मान्सून. तापमानही मलावीसारखे सरळ नाही. तिथे पावसाळा उबदार आणि कोरडा काळ थंड. इथे डिसेंबर-जानेवारी थंड आणि कोरडा, पण मार्च-एप्रिल गरम आणि तरीही कोरडा. नुसत्या तापमानावर भरवसा ठेवला तर मार्चमधली अळी म्हणेल, ऊब आहे, म्हणजे पाऊस आहे. मग गडबड होत नाही कशी?

माझा हिशेब असा. नोव्हेंबरात रात्री गार होतात, तेव्हा वाढणाऱ्या अळ्यांतून पाचोळ्याची फुलपाखरे निघतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळलेले असते, म्हणून तेव्हा वाढणाऱ्या अळ्या मुळातच थोड्या. आणि खाण्याची प्रत खराब असेल, वाढ रेंगाळली, तरी डोळे लहान होतात, हेही प्रयोगात दिसले आहे. वळीव पडला की गवत फुटते, त्यावर उन्हाळ्याच्या उबेत अळ्या भराभर वाढतात आणि जूनपर्यंत डोळेवाली मंडळी हजर! म्हणजे तापमान एकटे काम करत नाही, गवतही त्याच्या जोडीला असते. लक्षात ठेवा, गवत. त्याच्यावर मी शेवटी येणार आहे.

हंगामाचा प्रश्न फक्त ठिपक्यांचा नाही. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीतून डार्क ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरे मान्सूनच्या आधी पूर्वेकडे निघतात, पूर्व घाटाच्या दिशेने, आणि पावसाळ्यानंतर परततात. त्यांच्या वाटेवर बेंगळूरू आहे. एखाद्या सकाळी ट्रॅकवर उभे राहिले की एकामागून एक काळी-निळी फुलपाखरे एकाच दिशेने जाताना दिसतात, जणू अप लाइन आणि डाउन लाइन ठरलेली आहे. यावर आपल्याच शहरातल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी अभ्यास करतात. कुंटे पुण्याचे. दक्षिण भारताच्या फुलपाखरांवरचे त्यांचे पुस्तक २००० साली आले, आणि माझी प्रत ट्रॉलीवर नेऊन नेऊन खिळखिळी झाली आहे. इथे बन्नेरघट्ट्याला २००६ पासून फुलपाखरू उद्यान आहे, मुलांना जरूर न्या. फुलपाखराला कन्नडमध्ये 'चिट्टे' म्हणतात हे मुलांना शाळेत शिकवतात. दुसरा शब्द 'पातरगित्ती'. तो बेंद्र्यांच्या कवितेमुळे कर्नाटकात घराघरांत पोचला, आणि द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती.

आता जी गोष्ट मला बोचते ती सांगतो. फुलपाखराचा हा सगळा कारभार एका अंदाजावर चालतो. अळी आजच्या हवेवरून महिन्याभरानंतरच्या हवेचे भाकीत करते आणि त्याप्रमाणे कपडे शिवून ठेवते. हे भाकीत हजारो वर्षांच्या अनुभवावर बसलेले आहे. ऊब आणि पाऊस यांची जोडी फुटली तर? आपण डोळ्यांनी पाहिले आहे. २०२२ च्या सप्टेंबरात, ऐन गणपतीत, याच महादेवपुरा भागात पाणी भरले, लोकांना बोटींतून आणि ट्रॅक्टरवरून बाहेर काढावे लागले. दीड वर्षाने, २०२४ च्या मार्चमध्ये, याच भागात बोअरवेल आटल्या आणि आपण टँकरच्या मागे धावलो. त्या एप्रिलमध्ये पारा ३८ अंशांवर गेला आणि वळीव आलाच नाही. माणसाला टँकर बोलावता येतो. पंख शिवून झालेल्या फुलपाखराला काय बोलावता येणार?

शास्त्रज्ञांनी यातही डोके घातले आहे. २०१८ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये त्या आफ्रिकन फुलपाखरावरचाच एक अभ्यास आला. या फुलपाखरांत हंगामाला प्रतिसाद देण्याची ताकद प्रचंड आहे, पण तो प्रतिसाद कसा द्यायचा याबाबत एका कुटुंबात आणि दुसऱ्यात फरक फारच थोडा आहे, असे त्यांना आढळले. म्हणजे वेळापत्रक बदलले तर नव्या वेळापत्रकाला जुळणारी मंडळी निवडायला वावच कमी. ज्याला आपण लवचिकता म्हणून वाखाणतो, तीच इथे आड येते.

शहराचे तर आणखी वेगळे. मोठ्या संकुलांत बारा महिने फवाऱ्यांखाली हिरवळ असते. तिथे मी मार्चमध्येसुद्धा मोठ्या डोळ्यांची बुशब्राउन पाहिली आहेत. हिरवळ संपली की कुंपणापलीकडे सगळे करडे. तिथे पाऊल टाकताच पक्ष्याला आमंत्रण. आणि आपली पद्धत अशी की जिथे पाचोळा असतो तिथे लगेच झाडू.

आता गवतावर येतो. मंडपाच्या मागे जो मोकळा प्लॉट आहे त्याबद्दल गेल्या सभेत चर्चा झाली. तो पूर्ण साफ करून तणनाशक मारावे, असा ठराव येणार आहे. कारणे दोन दिली आहेत, साप आणि डास. दोन्ही कारणे मी हसण्यावारी नेत नाही. लहान मुले खेळतात, डेंग्यूचे रुग्ण आपल्याकडेही झाले आहेत. पण डेंग्यूचा डास गवतात अंडी घालत नाही. तो कुंडीखालच्या बशीत, टाकीच्या उघड्या झाकणाखाली, टाकून दिलेल्या टायरमध्ये घालतो. तणनाशकाने तो कमी होणार नाही, आठवड्याला बशा ओतल्या तर होईल. सापाची भीती खरी आहे. म्हणून खेळायच्या जागेभोवती आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट गवत अगदी बुटके ठेवावे, तिथे मी तुमच्याबरोबर आहे.

राहिलेला भाग, कुंपणाकडची आणि चराकडची पट्टी, यावर तणनाशक मारू नये एवढे माझे म्हणणे. तिथे काय आहे ते मी तीन वर्षे पाहतो आहे. गवतावर बुशब्राउन आणि इव्हनिंग ब्राउनच्या अळ्या आहेत, हिरव्या, डोक्यावर दोन शिंगे असलेल्या. चरालगत कोळसुंदा आहे, त्यावर पीकॉक पॅन्सी येते. टाकळा आहे, ज्याची भाजी आपण गावाकडे श्रावणात खातो आणि इथे तण म्हणतो. त्यावर छोटी पिवळी ग्रास यलो असतात, आणि त्यांचेही पावसाळी रूप वेगळे, कोरडे वेगळे. कोरड्या रूपात पंखांच्या खालच्या बाजूला गंजासारखे डाग असतात. नोव्हेंबरात जर सगळे एकदम कापले किंवा जाळले, तर डिसेंबरातल्या त्या पान झालेल्या फुलपाखरांना पान व्हायला पानच उरत नाही. म्हणून कापायचे तर अर्धे आता आणि अर्धे पहिला वळीव पडून गवत फुटल्यावर, आणि कापलेले तिथेच एका कोपऱ्यात पडू द्यावे.

ज्यांना पाहायचे असेल त्यांनी विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला प्लॉटच्या फाटकाशी यावे. मुलांनी वही आणावी, जाळी आणू नये. प्रत्येकाने एकच करायचे. फुलपाखरू बसले की मिटलेल्या पंखावरचे डोळे मोजायचे, ते मोठे की ठिपक्याएवढे ते लिहायचे आणि वर तारीख घालायची. हेच जानेवारीत पुन्हा. तारीख महत्त्वाची, लिनियसकडे तीच नव्हती.

ठराव कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत येईल. गवत कापणाऱ्या मशीनवाल्याशी मी बोललो आहे. अर्ध्या प्लॉटचे तो अर्धेच पैसे घेणार आहे, तेव्हा खजिनदारांनी निदान या कारणासाठी तरी माझ्या बाजूने मत द्यावे.

गणपती बाप्पा मोरया!